तू पुसलेलं सगळं भेटलं, दादा

दादा, तुझा आवाज शोधायला बसले आणि सगळ्यात आधी सापडला तो कुणाच्या तरी वरातीतला बँड. मग पाठवणीच्या वेळी हंबरडा फोडणारी एक नवरी. मग पुन्हा बँड. तू असतास तर पोट धरून हसला असतास. "नंदे, मले शोधून राह्यली का नवरदेव शोधून राह्यली?" असं काहीतरी म्हणाला असतास आणि मी तुला चहा न देताच उठून गेले असते.

तू गेल्यावर निदान रडायला तरी निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. तोही तू दिला नाहीस. तुला पोचवून आल्याचा शिणवटा अजून अंगातून उतरला नव्हता, तोच शोभावहिनी धामणगावहून ऑटो करून मोताळ्याला आमच्या दारात उतरली. मांडीवर तुझ्या कम्प्युटरचा डबा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. पाणी पुढं केलं तर घेतलं नाही. उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, "नंदाबाई, त्याहिचं गाणं म्या माह्या हातानं पुसून टाकलं."

मला आधी काही कळलंच नाही. मग तिनं सांगितलं ते असं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझं गाणं लावायचं, हे तिच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं. गाणं कम्प्युटरमध्ये आहे एवढंच तिला माहीत. पण कम्प्युटर सुरूच होईना. निळा पडदा यायचा आणि तिथंच थांबायचा. तिनं तो उचलला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार बिचारा नीट वागला. त्यानं विचारलं, "काकू, विंडोज मारा लागन. सी मधलं सगयं उडते, डी मधलं राह्यते. गाणे डी मधीच असतीन ना?" वहिनी म्हणाली, असतीन. झालं. त्यानं डी जिवापाड सांभाळली, सी कोरी करकरीत केली, आणि तुझं सगळं होतं डेस्कटॉपवर.

डेस्कटॉपवर! किती वेळा सांगितलं होतं रे तुला. दादा, डेस्कटॉप म्हणजे समोरची काच नाही, तो सी ड्राइव्हचाच एक कोपरा आहे, विंडोज गेली की तोही जातो. तू मान डोलवायचास आणि पुन्हा तिथंच ठेवायचास. "डोयासमोर हाय ना मंग? डोयासमोरची वस्तू कुठी जाते?" तुझा तरी काय दोष म्हणा. आपल्या एका खोलीच्या घरात कपाट नव्हतंच. जे महत्त्वाचं ते आई खुंटीला टांगायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तुझा शाळेचा दाखला, बाबांची औषधाची पिशवी, सणाची साडी. ट्रंकेत ठेवलं की उंदीर खातो आणि नजरेआड झालं की माणूस विसरतो, हे तिचं शास्त्र. तू कम्प्युटरलाही तीच खुंटी समजलास.

पण वहिनीला हे सांगून काय उपयोग. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, "त्याहिचं गाणं होतं, म्या पुसलं." बाया म्हणायच्या, अवो मशीन ते, त्याचं काय मनावर घेता. ती ऐकायची नाही. भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटात तसाच ठेवायची. गेलेला माणूस परत येत नाही हे तिनं मान्य केलं होतं. तुझा आवाज मात्र आपण मारला असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं आणि तो तिला माझ्याकडून परत हवा होता. कार्यक्रम येत्या रविवारी होता.

गाणं कोणतं ते तुला काय सांगू. आईवरचं. "माय, तुह्या पदराले शाईचा डाग, धुवू नको वं, राहू दे तसा." आपले गळके पेन आई पदराला पुसायची आणि कापूस वेचायला गेली की तोच पदर बायांना दाखवायची, "माह्या पोरायची शाई हाय." तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. तू गाणं लिहिलंस तेव्हा पहिलं कडवं मला फोनवर म्हणून दाखवलंस, आणि मी हातातलं काम टाकून मोरीत जाऊन तोंड धुतलं. पुढची कडवी तू गायन पार्टीतल्या तुझ्या जोडीदारांनाही ऐकवली नाहीस. "पुरं झालं का आयका," म्हणायचास. जयंती आली आणि गेली, सगळं गाव त्या गाण्याची वाट पाहत राहिलं.

तर मी कामाला लागले. लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करण्यात माझी अर्धी हयात गेली. त्यात कार्ड खराब होणं, फाइल उडणं हे आलंच. पुसलेली फाइल लगेच मरत नाही. कम्प्युटर फक्त दारावरची पाटी काढतो. दुसरं कोणी राहायला येईपर्यंत आतलं सामान तसंच असतं. विंडोजनं जेवढी जागा खाल्ली तेवढं गेलं होतं, बाकीचं शोधता येण्यासारखं होतं. शोधणारा प्रोग्राम लावला, डिस्क कुरकुरायला लागली आणि पडद्यावरचे टक्के मुंगीच्या पावलानं सरकायला लागले. मधेच लाईन जायची. आमचा इन्व्हर्टर म्हातारा, तोही मान टाकायचा. पुन्हा पहिल्यापासून. मी कपाळावर हात मारून घ्यायचे, भाजी फोडणीला टाकायचे आणि पुन्हा येऊन बसायचे.

आणि मग निघाले नवरदेव. हा कम्प्युटर आधी आमच्या स्टुडिओतला, विसरलास ना? तुला देताना मी त्यातलं सगळं पुसून दिलं होतं. पण शोधणाऱ्या प्रोग्रामला हरवलेलं कोणतं आणि टाकून दिलेलं कोणतं ते कळत नाही. त्यानं आमच्या तालुक्यातली सगळी जुनी लग्नं उकरून काढली. कुणाचा अर्धाच चेहरा, खाली हिरवा पट्टा. कुणी अक्षता टाकतंय, आवाजच नाही. रोहिणखेडचं एक लग्न निघालं, त्यात पंगतीत तू वाढत होतास. खांद्यावर टॉवेल, हातात वरणाची बादली, मागं वळून कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होतास. त्यालाही आवाज नव्हता. तिथं थोडा वेळ थांबले. मग पुढं गेले, कारण पुढं ढीग पडला होता.

त्यात एकाही फाइलीला नाव नाही. परत येताना त्या आपलं नाव विसरून येतात, नुसते आकडे घेऊन येतात. तू ठेवलेली नावं मला पाठ होती. "शाई", "शाई नवीन", "शाई नवीनच", "आता खरं". त्यातलं एकही नाव पडद्यावर दिसेना. म्हणजे प्रत्येक फाइल उघडायची, ऐकायची, बाजूला टाकायची. डीजे, सनई, डीजे, कुणाच्या तरी मामाचं भाषण. कान किटून गेले माझे.

वहिनीचा फोन रोज यायचा. "भेटलं का?" आपल्याकडे सगळंच भेटतं ना रे. रेशन भेटतं, एस.टी. भेटते, हरवलेली शेळी भेटते. जन्मभर तो शब्द ऐकत आले, कधी टोचला नाही. आता ती "भेटलं का?" विचारायची आणि मला "भेटले का?" असं ऐकू यायचं. मी म्हणायचे, "नाही वहिनी, अजून नाही." "बरं. जेवल्या का तुमी?" स्वतः उपाशी आणि मला विचारते. मी जेवले म्हणून सांगायचे.

मग एका दुपारी भेटलास. आकड्याच्या नावाची आणखी एक फाइल उघडली. थोडी खरखर, लांब कुठंतरी एक बकरी, आणि तुझ्या पेटीचा सूर. मी खुर्चीतून ओरडलेच. तुझे लाडके जवाईबापू बाहेर स्टुडिओत कुणाचा तरी पासपोर्ट फोटो काढत होते, ते कॅमेरा हातात घेऊनच आत धावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी रडले नाही. खरं सांगू, इतकी थकले होते, की पहिला विचार आला तो, चला, आता झोपता येईल.

पण दोन ओळी झाल्या आणि तू थांबलास. तू थांबल्यावरही पेटी जराशी वाजत राहिली, मग तीही थांबली. "हे नाही," तू म्हणालास आणि फाइल संपली. दुसरी उघडली. पुन्हा पहिली ओळ, दुसरी ओळ, थांबलास. तिसरीत कुकरची शिट्टी झाली आणि तू म्हणालास, "घ्या! याले बी आत्ताच म्हणाचं हाय." हसायला आलं. पण पुढच्या फाइलीही तशाच. तुझे टेकच टेक निघायला लागले आणि त्यातला एकही पुरा नाही. ते दुकानदारानं उडवलेले नव्हते. दर वेळी ‘हे नाही’ म्हणून तूच ते आधी एकेक करून पुसलेले होते. मी मोठी फाइल शोधत राहिले, पुरं गाणं म्हणजे फाइल मोठी असणार. आकारानं लावून पाहिलं तर सगळ्यात मोठी निघाली ती कुणाची तरी हळद. तुझी सगळ्यात मोठी तिसऱ्या कडव्यात शिरते आणि मधेच तुटते.

तेव्हा मी चिडले तुझ्यावर. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू गेला आहेस हे अजून माझ्या डोक्यात कुठं शिरलंय. आपलं तेच भांडण पुन्हा सुरू झालं, यावेळी मी एकटीच. मी म्हणायचे, अरे चुकू दे, तू तुकड्या-तुकड्यांत म्हण, मी जोडते. एक कडवं या टेकमधून, एक त्या टेकमधून, कोणाच्या बापाला कळणार नाही. मंडपात एकदाही न हसलेल्या नवऱ्या मी हसऱ्या करून दिल्या आहेत, तुझं गाणं काय मोठं. तू म्हणायचास, "मले समजते ना पण. मी काय वाकय हाय का, ठिगळं लावाले? गाणं म्हणाचं तं एका दमात. नाहीतं म्हणूच नाही." मी म्हणायचे, एका दमात आजकाल कोणी पाणीही पीत नाही. "मंग नको पिऊ," असं म्हणून तू फोन ठेवायचास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तूच करायचास, "चिडली का वं?" आणि पुन्हा तेच.

आणि या गाण्याचा तो व्हिडिओ. तो कधीचा तयार आहे. कपाशीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं तुला चालवत शूटिंग केलं होतं. तू दर दोन ओळींनी दगडावर बसायचास, टोपी काढून वारा घ्यायचास. जवाई म्हणाले, "हिरो थकला." तू म्हणालास, "हिरोचं वय झालं बापू," आणि आम्ही सगळे हसलो. त्या व्हिडिओत तुझे ओठ हलतात. आवाज मागून यायचा होता.

हे डोक्यात घोळत असताना हात तेच टेक पुन्हा पुन्हा लावत होता आणि कुठंतरी कान अडकला. मिक्सिंग करणाऱ्याचा कान शब्दांपेक्षा मधल्या जागा जास्त ऐकतो, कारण कापायचं तिथंच असतं. एका टेकमध्ये "माय, तुह्या पदराले शाईचा डाग, धुवू नको वं, राहू दे तसा" ही सगळी ओळ तू एका श्वासात म्हणतोस, वर दम उरतो. दुसऱ्या एकात "डाग" म्हटल्यावर श्वास घेतोस. आणखी एकात "पदराले" झाल्यावरच. आणि एक आहे, त्यात तू "माय" म्हणतोस आणि थांबतोस. हवा ओढल्याचा आवाज येतो, घशात बारीक शिट्टी वाजते आणि मग "तुह्या" येतं. फाइलींना ना नाव होतं ना तारीख. मी त्या श्वासावरून लावल्या, लांब श्वासाच्या आधी, तोकड्या श्वासाच्या नंतर. मग पहिल्यापासून ओळीनं ऐकल्या. तुझं गेलं वर्ष होतं ते.

ज्या कापसाच्या जिनिंगवर तू राबलास, तिथली रुई तुझ्या छातीत जाऊन बसली होती, हे आम्हाला शेवटी दवाखान्यात कळलं. तोवर तू सांगायचास, ठसका आहे, हवा बदलली आहे, कुटाराचा भुसा उडाला. मलकापूरला जिनिंगवर जाणं सोडलंस तेव्हा म्हणालास, "कंटायलो वं." आणि आम्ही ते खरं मानलं. कामाचा कंटाळा कुणाला येत नाही.

शेवटच्या टेकमध्ये तू "धुवू नको वं" पर्यंत कसाबसा पोचतोस आणि थांबतोस. पेटी वाजत राहते. मग तू बोलतोस, माईकसाठी नाही, आपल्याशीच. "एकदा बी पुरं नाही झालं. पुसा हे बी. नाहीतं नंदी आयकन अन् जोडत बसन." आणि हसतोस. हसता हसता खोकतोस. तिथं फाइल संपते.

तेव्हा रडले. आधी रागानंच रडले. सांगायचं होतंस ना रे मला! एका दमाचा एवढा तोरा मिरवलास. ते तुझं खरंच तसं मत होतं, की आजारावर घातलेलं पांघरूण होतं? आता हे विचारायचं कुणाला? तू लहानपणापासून तसाच, उष्टं-उसनं न चालणारा, हे मला माहीत आहे. पण शेवटी शेवटी तेच कारण पुढं करून तू आतून कडी लावून घेतलीस, हेही मला आता दिसतंय. मी इकडून दार वाजवत राहिले, लवकर दे, लवकर दे म्हणून. भांडण अर्धं टाकून गेलास दादा. असं करतात का?

आणि ज्या कानांनी मी तुला पकडलं ते तरी कुणी तयार केले? जयंतीच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेऊन तू भोंग्यापासून मुद्दाम लांब उभा राहायचास. "जवयून आवाज फाटते. इथून आयक, शब्द समजते." लग्नानंतर मी कम्प्युटरच्या क्लासला जावं हे माझ्या सासऱ्यांना पटत नव्हतं, तर तू आलास, चहा प्यालास, कपाशीवरच्या अळीवर त्यांच्याशी मन लावून बोललास, आणि उठता उठता म्हणालास, "मामाजी, हिले घरी बसवून काय फायदा? हिचे कान लय चांगले हायेत, कामी येतीन." सासरे हसले आणि मी क्लासला गेले. आमचा स्टुडिओ आज त्यावरच उभा आहे. तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात भावाचे आभार कोण मानतं. आता मानते. माझं सगळं शिक्षण तुझं आहे दादा.

मग मी काय केलं, तर तू म्हणालास तेच. जोडत बसले. दुसरं काय करणार होते? पुरं गाणं कधी नव्हतंच असं वहिनीला सांगावं, तर तू एवढा लपवलेला तुझा श्वास सांगावा लागला असता. न सांगावं, तर ती जन्मभर "म्या पुसलं" म्हणत बसली असती. एक जोडलेलं गाणं हातात दिलं की दोन्ही गोष्टी मिटत होत्या. पहिलं कडवं सुरुवातीच्या टेकमधून घेतलं, दुसरं दुसरीकडून, तिसरं जिथं जेवढं सापडलं तेवढं. शेवटची ओळ कुठंच नव्हती, तिथं धृपद पुन्हा लावलं. कुकर काढला, बकरी काढली, खोकला काढला, श्वास काढले. पेटीचा सूर खालून सलग पसरला. जवाईंनी ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "कोणाले काई समजत नाही. पुरं वाटते." मलाही वाटलं. काम चांगलं झालं होतं, उगाच का खोटं बोलू.

शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन धामणगावला गेले. वहिनी अंगण झाडत होती. झाडू तसाच हातात धरून म्हणाली, "भेटलं?" मी म्हटलं, "भेटलं." तिचा चेहरा सैल पडला, किती दिवसांनी. हात पदराला पुसले आणि स्पीकरसमोर येऊन बसली, परीक्षेला बसावं तशी. मी गाणं लावलं. पहिलं कडवं तिनं डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यात डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बंद करा."

मी बंद केलं.

"नंदाबाई, हे तुमी जोडलं का?"

"काऊन?"

"याच्यात ते दम कुठी घेतात? माणूस गाणं म्हणते तं दम घेते का नाही?"

वर्षभर त्या श्वासाशेजारी जागी राहिलेली बाई ती, तिला मी फसवायला निघाले होते. मग सगळं सांगितलं. "वहिनी, पुरं गाणं नव्हतंच. एकदा बी नाही झालं त्याच्यानं. जे होतं ते त्यानंच पुसलं, तू कम्प्युटर दुकानात न्यायच्या लय आधी. तुह्या हातानं काई गेलं नाही."

बाहेर कोणीतरी मंडपाचा खांब ठोकत होतं. वहिनी म्हणाली, "मी घरात असली का त्याहिचं पुरं होये नाही. दोन ओयी झाल्या का थांबत. मले वाटे, माह्यासमोर जमत नसन. मी अंगणवाडीत कामाले गेली का म्हणत असतीन सावकाश. एखाद्या दिवशी तं म्हटलंच असन पुरं. तेच म्या पुसलं, असं वाटे."

"नाही, वहिनी."

"म्हंजे कधीच नाही?"

"कधीच नाही."

दादा, मला वाटलं होतं मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवते आहे. ते उतरलं, पण त्याबरोबर तिचा तो एक दिवसही गेला, ती घरात नसताना तू पुरं गाणं म्हटलंस तो. ती रडली. तू गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तोवर ती नुसती स्वतःला बोल लावत होती. रडून झालं, मग म्हणाली, "म्हंजे म्या काई नाही पुसलं." पुन्हा एकदा तेच म्हणाली, मला नाही, स्वतःला. तोंड धुऊन आली, चुलीजवळ बसली, भाकरी आणि ठेचा घेतला आणि अख्खी भाकरी खाल्ली. मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "मंग उद्या काय लावाचं?" मी म्हटलं, सगळ्यात लांब टेक आहे तो लावू, सुरुवातीचा, चांगला दम आहे त्यात, तिसऱ्या कडव्यापर्यंत जातो. तिनं मान हलवली.

"शेवटचं कोणतं हाय?"

"वहिनी, त्याच्यात तो..."

"मले माहीत हाय कसा असन. मले म्हणत, कोणाले सांगू नको, नंदीले तं बिलकूल नाही. वर्षभर लपवलं म्या. कोणी आलं का सांगो, झोपले हायेत, गावाले गेले हायेत. लपवून लपवून जीव गेला माहा. आता नाही लपवत. शेवटचंच लावा."

जोडलेलं गाणं मी तिच्यासमोरच पुसलं. ती बघत होती. म्हणाली, "हे बी भेटते का मंग परत?" मी म्हटलं, शोधलं तं भेटते. "नोका शोधू," ती म्हणाली. शेवटच्या टेकला मी एकच कात्री लावली. तू थांबल्यानंतरचं तुझं बोलणं, ते नंदीबद्दलचं, तेवढं काढून माझ्याजवळ ठेवलं. ते माझं आहे, मंडपात कुणाला ऐकवणार नाही.

रविवारी मंडप भरला. वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं. तुमची गायन पार्टी पुढं बसली होती. ढोलकीवाले किसनकाका अगदी समोर, हात मांडीवर ठेवून, कान टवकारून. आज ते गाणं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी बटण दाबलं. खरखर झाली, पेटी आली. "माय." मग तो श्वास, मोठ्या स्पीकरमधून, अख्ख्या मंडपात. "तुह्या पदराले." पुन्हा श्वास. पुढच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "शाईचा डाग." श्वास. "धुवू नको वं." आणि तू थांबलास. पेटी जराशी वाजली आणि थांबली.

लोक वाट पाहत होते. किसनकाका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नंदा, अटकलं वाटते. पुढचं लाव ना."

वहिनी बसल्या जागेवरून उठली. मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अटकलं नाही, काका. एवढंच हाय. एवढंच म्हटलं त्याहिनं."